बाजार शांत होता, तरी माझ्या शीटमधली व्होलॅटिलिटी चार दिवसांत २९ वरून साडेआठवर कशी आली?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

मी मूळचा सांगलीचा, नोकरी चिंचवडला. आमचे आबा सांगलीत हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, आता रिटायर झालेत, त्यांच्या पैशातला थोडा भाग आणि माझा थोडा असं मिळून मी निफ्टी फ्युचर (निफ्टीचे पुढच्या तारखेचे सौदे) करतो. किती लॉट (सौद्याचे ठराविक गठ्ठे) घ्यायचे हे मनाने ठरवायचं नाही असं मी पहिल्यापासून ठरवलेलं, म्हणून एक शीट बनवली. रोजचा निफ्टीचा क्लोज (बंद भाव), त्यावरून लॉग रिटर्न (आजचा क्लोज भागिले कालचा, त्याचा लॉग), शेवटच्या २० दिवसांचं स्टँडर्ड डेव्हिएशन आणि त्याला २५२ च्या वर्गमुळाने गुणायचं. आली वार्षिक व्होलॅटिलिटी, म्हणजे बाजार किती हलतोय त्याचा टक्क्यांतला आकडा. ती जास्त असेल तर लॉट कमी, कमी असेल तर लॉट जास्त. सगळीकडे हेच शिकवतात, मीही तेच केलं.

२०२४ च्या निवडणुकीचा जून आठवत असेल. ३ जूनला निफ्टी सव्वातीन टक्के वर, ४ जूनला निकालाच्या दिवशी जवळपास सहा टक्के खाली, ५ जूनला परत ३.३६ टक्के वर. शीटमधला आकडा वाढला, मी लॉट दोनवर आणले, इथपर्यंत ठीक. नंतर महिनाभर आकडा जवळपास जागचा हलला नाही, १ जुलैलाही २९ होता. आणि मग २ जुलैला २७, ३ जुलैला १३, ४ जुलैला साडेआठ! त्या चार दिवसांत बाजारात विशेष काही म्हणजे काहीच नव्हतं, निफ्टी आपला हळूहळू वर सरकत होता. मी म्हटलं बाजार शांत झाला, शीट सांगतेय, आणि दोनाचे चार लॉट केले. तेव्हा लॉट २५ चा होता.

५ ऑगस्टला जपानचा बाजार कोसळला आणि आपला निफ्टी एका दिवसात ६६२ पॉइंट खाली आला. चार लॉटवर साधारण ६६ हजार गेले. आदल्या शुक्रवारी माझी शीट दहाच्या आसपास दाखवत होती, म्हणजे दिवसाला ०.६३ टक्के, आणि पडला २.७ टक्के. चार सिग्माच्या (सिग्मा म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन) वर. नॉर्मल वक्राने हिशेब केला तर असा दिवस सव्वाशे वर्षांत एखादा यायला पाहिजे, आणि मी तर दोन महिन्यांत दुसरा बघितला.

पैशाचं दुःख आहेच, पण त्याहून मला हे खातंय की मी नियम पाळला आणि नियमानेच मला चुकीच्या वेळी लॉट वाढवायला लावले. आबांना काय सांगू? ते विचारतात, तुझा आकडा काय बघून बोलतो? मला उत्तर देता येत नाही.

तर प्रश्न असे. हे चार दिवसांत काय झालं? व्होलॅटिलिटीचा अंदाज काढायला ईडब्ल्यूएमए, गार्च, पार्किन्सन, इंडिया विक्स अशी नावं ऐकतो, यातलं नेमकं काय वापरायचं? आणि एनएसईच्या साइटवर रोज व्होलॅटिलिटीची फाइल येते तिचा वार्षिक आकडा माझ्याशी कधीच जुळत नाही, तो का?

आकडेमोड_सर

कृष्णाकाठ, प्रश्न फार नीट मांडलात, तारखा दिल्यात म्हणून उत्तर देता येतंय. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो, बाजारात पैसे फारसे लावत नाही, तेव्हा आकड्यांपुरतंच बोलतो.

चार दिवसांत बाजारात काही झालं नाही, तुमच्या खिडकीत झालं. ३, ४ आणि ५ जूनच्या रिटर्नचे वर्ग करा: १०.२५, ३७.३६ आणि १०.९४. बेरीज ५८.५५. १ जुलैच्या तुमच्या २० दिवसांच्या खिडकीत सगळ्या वीस दिवसांच्या वर्गांची बेरीज ६६ च्या आसपास भरते, म्हणजे हे तीन दिवस सोडले तर उरलेल्या सतरा दिवसांचे मिळून साडेसात. महिनाभर तुम्ही जो २९ बघत होतात तो जवळजवळ पूर्ण त्या तीन दिवसांचा होता, आणि त्यातले दोन-तृतीयांश तर एकट्या ४ जूनचे. आता दिवस मोजा, १७ जूनची बकरी ईदची सुट्टी धरून. ३ जून खिडकीतून बाहेर पडतो २ जुलैला, ४ जून बाहेर पडतो ३ जुलैला, ५ जून ४ जुलैला. तुमच्या आकड्याच्या पायऱ्या बरोबर त्याच दिवशी आहेत. साध्या सरकत्या खिडकीत मोठा दिवस वीस दिवस पूर्ण वजनाने बसून राहतो आणि एकविसाव्या दिवशी एकदम शून्य होतो. एकोणीस दिवसांपूर्वीची गोष्ट कालच्याइतकीच ताजी आणि एकवीस दिवसांपूर्वीची कधी घडलीच नाही, असं कुठलाही बाजार वागत नाही.

दुसरी एक चूक त्यातच लपलीय. स्टँडर्ड डेव्हिएशनचा फॉर्म्युला आधी सरासरी वजा करतो. वीस दिवसांच्या सरासरी रिटर्नला काही अर्थ नसतो, तो निव्वळ योगायोग असतो, आणि बाजार सरळ एका बाजूला चढत असेल तर तो वजा केल्याने व्होलॅटिलिटी उगाच कमी दिसते. जून-जुलैत तेच झालं. सरासरी शून्य धरून नुसत्या वर्गांची सरासरी काढली असतीत तर ४ जुलैचा आकडा साडेआठ नाही, दहाच्या जवळ आला असता. रोजच्या डेटावर काम करताना सरासरी शून्यच धरा.

तिसरं, जे कोणी सांगत नाही आणि सांगायलाच हवं. वीस आकड्यांवरून काढलेल्या सिग्माची स्वतःची चूक केवढी असते? नॉर्मल धरलं तर सिग्मा भागिले दोन-एनचं वर्गमूळ, एन वीस असेल तर ही चूक जवळपास १६ टक्के. म्हणजे शीट १२ म्हणत असेल तर खरी व्होलॅटिलिटी ८ पासून १६ पर्यंत कुठेही असू शकते आणि डेटाला त्याची तक्रार नाही. बाजाराची शेपटी जाड असते, म्हणजे टोकाचे दिवस नॉर्मल वक्र सांगतो त्याहून जास्त येतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून वाईट. शीट दोन दशांश दाखवते म्हणून आपल्याला वाटतं की तेवढं अचूक आहे. व्होलॅटिलिटी ही किमतीसारखी स्क्रीनवर दिसणारी गोष्टच नाही, तिचा फक्त अंदाज बांधता येतो.

आता ईडब्ल्यूएमए, म्हणजे जुन्या दिवसांचं वजन हळूहळू कमी करणारी सरासरी. आजचा व्हेरिअन्स (सिग्माचा वर्ग) म्हणजे कालच्या व्हेरिअन्सचा ०.९४ भाग अधिक आजच्या रिटर्नच्या वर्गाचा ०.०६ भाग. बास, एका ओळीचा फॉर्म्युला. हा ०.९४ म्हणजे लॅम्डा, जेपी मॉर्गनने १९९४ मध्ये रिस्कमेट्रिक्समध्ये रोजच्या डेटासाठी हाच ठेवला होता आणि आपल्याकडे प्रा. जयंत वर्मांच्या गटाने १९९८ मध्ये इंडेक्स फ्युचरच्या मार्जिनसाठी (सौद्यापोटी ठेवायच्या अनामतीसाठी) हाच सुचवला. यात मोठा दिवस हळूहळू फिका पडतो, साधारण अकरा दिवसांत त्याचं वजन अर्धं होतं. तुमच्या तारखांवर मी मांडून बघितलं: ४ जुलैला ईडब्ल्यूएमए १८ च्या आसपास येतो, जिथे तुमची शीट साडेआठ म्हणत होती. २ ऑगस्टला १३ च्या आसपास. म्हणजे ५ ऑगस्ट त्यालाही दिसला नव्हता, आकाशातून आलेला दगड कुठल्याच सरासरीला आधी दिसत नाही. पण जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोनाचे चार लॉट करा असं त्याने सांगितलं नसतं.

एनएसईच्या फाइलचं कोडं सोपं आहे. तीही ईडब्ल्यूएमएच आहे, पण तिचा लॅम्डा आधी ०.९४ होता तो आता ०.९९५ आहे. ०.९९५ म्हणजे वजन अर्धं व्हायला जवळपास १३८ ट्रेडिंग दिवस! मार्जिन रोज उड्या मारू नये म्हणून असा मंद आकडा बरा, पण पुढच्या आठवड्यासाठी तो फार आळशी. आणि वार्षिक करताना ती फाइल ३६५ च्या वर्गमुळाने गुणते, तुम्ही २५२ च्या. नुसत्या त्यानेच वीस टक्के फरक पडतो. रोजचा आकडा रोजच्या आकड्याशी ताडून बघा, वार्षिकचा वार्षिकशी नको.

फोर्टचा_डीलर

सरांनी चोख सांगितलंय. मी डेस्कवरची बाजू सांगतो, कारण मित्रा तुझ्या शीटचा अजून एक डोळा बंद आहे. तू फक्त क्लोज बघतोस. दिवसभरात काय झालं ते तुझ्या शीटला कळतच नाही.

१३ मार्च २०२० हा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. आदल्या दिवशी निफ्टी ९,५९० ला बंद झालेला, आठ टक्क्यांहून जास्त पडून. सकाळी ९,१०७ ला उघडला, काही मिनिटांत लोअर सर्किट, पाऊण तास सगळं बंद. आमच्या खोलीत वीस-बावीस माणसं आणि एकाचाही आवाज नाही, फोन वाजतायत आणि उचलायला कोणाचा हात उठत नाही, कारण समोरच्याला सांगणार काय. परत सुरू झालं, तळ लागला ८,५५५ ला, आणि मग जो फिरला तो १०,१५९ पर्यंत, बंद ९,९५५. क्लोज टू क्लोज बघ: अधिक ३.७ टक्के. एखादा म्हणेल चांगला दिवस होता! तळापासून माथ्यापर्यंत १,६०० पॉइंट फिरला होता बाजार, आमच्याकडचे लोक त्या दोन टोकांच्या मधे संपले.

यासाठी पार्किन्सन. १९८० मध्ये त्याने दाखवलं की दिवसाचा हाय आणि लो घे, भागाकाराचा लॉग काढ, त्याला १.६६५ ने भाग (दोन गुणिले लॉग दोनचं वर्गमूळ), तो त्या दिवसाच्या सिग्माचा अंदाज. १३ मार्चला हा येतो १०.३ टक्के. क्लोजवाला ३.७ सांगतोय, हा १०.३. आणि पुस्तकी हिशेबाने एका दिवसाचा हाय-लो जवळपास पाच दिवसांच्या क्लोजएवढी माहिती देतो, म्हणजे सर म्हणाले ती १६ टक्क्यांची चूक वीस दिवसांतच निम्म्याहून खाली येते. त्याच वर्षी गार्मन आणि क्लास यांनी ओपन-क्लोजही आत घेतले, तो आणखी घट्ट.

आता लगेच सगळं पार्किन्सनवर नेऊ नकोस, कारण ३ जून २०२४ बघ, तुझाच दिवस. शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले. शुक्रवारी निफ्टी २२,५३० ला बंद, सोमवारी उघडलाच २३,३३८ ला. आठशे पॉइंट गॅप! मग दिवसभर काय केलं? २३,०६२ ते २३,३३८, पावणेतीनशे पॉइंटच्या आत फिरला. पार्किन्सनला विचार, तो म्हणेल ०.७ टक्के, अगदी साधा दिवस. सगळी हालचाल बाजार बंद असताना झाली आणि याला फक्त सव्वानऊ ते साडेतीन दिसतं.

म्हणजे १३ मार्चला क्लोजवाला आंधळा आणि ३ जूनला हाय-लोवाला आंधळा. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं, कारण अमेरिकेचा पूर्ण दिवस आपल्या रात्री होतो आणि आपण सकाळी त्याची गॅप खातो. म्हणून मी दोन वेगळे कॉलम ठेवतो, एक रात्रीचा, कालचा क्लोज ते आजचा ओपन, त्याचा वर्ग, आणि एक दिवसाचा, गार्मन-क्लासचा. दोन्ही व्हेरिअन्सची बेरीज. सिग्मा नाही, व्हेरिअन्स बेरजेत घ्यायचा, इथे पुष्कळ जण चुकतात. यांग आणि झांग यांनी २००० मध्ये हेच जास्त शास्त्रशुद्ध करून दिलंय, दिशा असलेल्या बाजारातही चालेल असं. पण माझ्यासारख्याला दोन कॉलमच बरे, कुठून काय आलं ते डोळ्याला दिसतं. तू रात्री पोझिशन ठेवतोस ना? मग तुझा रात्रीचा कॉलम रोज बघ, इंट्राडेवाल्याला तो नाही बघितला तरी चालतं, तुला चालणार नाही.

कृष्णाकाठ_सांगली

सर, दादा, मनापासून आभार. तारखा मोजून बघितल्या, खरंच २, ३, ४ जुलै! दोन महिने डोक्यात घोळत होतं ते दहा मिनिटांत सुटलं. १३ मार्चचा डेटा टाकून बघितला, १०.३ च आला.

आता मला सांगा, मग गार्च लागतो कशाला? ईडब्ल्यूएमए अधिक हे दोन कॉलम एवढ्यावर भागत नाही का? ऑफिसातल्या एकाने पायथनमध्ये गार्च चालवून दिला पण त्यात मी फक्त ६० दिवसांचा डेटा टाकला तर अल्फा शून्य आला आणि बीटा ०.९९, ते बघून काही कळलं नाही. आणि विक्स बघायचा की नाही?

जोखीम_पुणे

कृष्णाकाठ, मी रिस्कमध्ये काम करते, गार्च रोजच्या रोज चालवते म्हणून लिहिते.

आधी ६० दिवसांचं. गार्चला ६० दिवस देणं म्हणजे बाळाला दोन शब्द ऐकवून निबंध लिही म्हणणं. त्यात तीन आकडे शोधायचे असतात आणि ते फक्त तेव्हाच सापडतात जेव्हा डेटात खवळलेला काळ पण असतो आणि शांत काळ पण. मी हजार दिवसांच्या खाली जात नाही, आणि त्यात मार्च २०२० येत असेल तर एकदा त्याच्यासकट आणि एकदा त्याच्याशिवाय चालवून बघते, आकडे किती हलतात ते कळतं.

कशाला लागतो ते आता. मूळ कल्पना रॉबर्ट एंगल यांची, १९८२ ची, आणि ती बाजारावर नाही तर इंग्लंडच्या महागाईच्या आकड्यांवर मांडली होती. मोठ्या हालचालीच्या मागे मोठी हालचाल येते, लहानीच्या मागे लहान, हे मँडेलब्रॉट यांनी १९६३ मध्येच कापसाच्या भावांवर लिहिलेलं, एंगलनी त्याला मॉडेल दिलं, १९८६ मध्ये बोलरस्लेव यांनी ते आटोपशीर केलं, आणि २००३ मध्ये एंगलना नोबेल मिळालं. (तुमच्या आबांना कापसाचं सांगा, हळदीच्या सौद्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ते लगेच पटेल.)

फॉर्म्युला ईडब्ल्यूएमएचाच मोठा भाऊ आहे. उद्याचा व्हेरिअन्स म्हणजे एक स्थिर आकडा, अधिक अल्फा गुणिले आजच्या रिटर्नचा वर्ग, अधिक बीटा गुणिले आजचा व्हेरिअन्स. स्थिर आकडा शून्य, अल्फा ०.०६ आणि बीटा ०.९४ केलात की ईडब्ल्यूएमए झाला. फरक सगळा त्या स्थिर आकड्यात आहे. ईडब्ल्यूएमएला घर नाही. आज दोन टक्के असेल तर उद्या, परवा, तीन महिन्यांनीसुद्धा दोनच टक्के असं तो म्हणतो. गार्चला घर असतं, म्हणजे लांब पल्ल्याची सरासरी, आणि तो तिकडे हळूहळू परततो. समजा अल्फा ०.०८, बीटा ०.९०, बेरीज ०.९८. घरचा व्हेरिअन्स १ (म्हणजे दिवसाला एक टक्का, वर्षाला १६ च्या जवळ) आणि आजचा ४. तर फरक तीनचा आहे तो निम्मा व्हायला ३४ दिवस लागतात, महिन्या-दीड महिन्याने गार्च अडीच म्हणेल, ईडब्ल्यूएमए अजून चारच म्हणत असेल. तुमचा प्रश्न उद्या-परवाचा असेल तर दोघांत फारसा फरक नाही आणि मी सरळ सांगते, तुम्हाला ईडब्ल्यूएमए पुरे. महिन्याचं ऑप्शन (ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याचा हक्क) विकणार असाल तर गार्च हवा.

आणि उलटी बाजू विसरू नका. जुलैत तुमचा आकडा साडेआठ होता तेव्हा घर १५-१६ चं आहे हे माहीत असलेल्या मॉडेलने काय सांगितलं असतं? की आज शांत आहे पण इथून आकडा वरच जायचा आहे. माझ्या मते शांत काळातच गार्चचा खरा उपयोग.

बाजार पडताना व्होलॅटिलिटी जास्त वाढते, चढताना तेवढी नाही. वर्गात प्लस-मायनस सारखेच होतात म्हणून साध्या गार्चला हे कळत नाही, त्यासाठी ईगार्च किंवा जीजेआर वापरतात, त्यात उणे दिवसाला वेगळं वजन असतं. इंडेक्सवर मी जीजेआरच चालवते, आणि शेपटीसाठी नॉर्मलऐवजी टी वितरण.

विक्स. हा अंदाजच वेगळ्या जातीचा आहे. वरचे सगळे मागचं बघून बोलतात, विक्स निफ्टीच्या ऑप्शनच्या भावांतून पुढच्या तीस दिवसांचं बोलतो, एनएसई २००८ पासून देते. त्याला कॅलेंडर कळतं! २०२४ च्या एप्रिल अखेरीस विक्स दहा-अकराच्या घरात होता, मेमध्ये चढत चढत वीसच्या पुढे गेला, आणि त्या मे महिन्यात निफ्टी प्रत्यक्षात एवढा हलत नव्हता. तुमची शीट त्या वेळी शांतच असणार. ४ जूनला निकाल आहे हे कुठल्याही क्लोजच्या कॉलममध्ये लिहिलेलं नसतं, ऑप्शन विकणाऱ्याला ते माहीत असतं आणि तो जास्त पैसे मागतो. पण त्याच कारणाने विक्स सहसा प्रत्यक्ष हालचालीपेक्षा वरच असतो, त्यात विम्याचा हप्ता मिसळलेला असतो. त्यामुळे विक्स १५ म्हणजे बाजार १५ ने हलणार असं थेट घेऊ नका. आणि ५ ऑगस्टसारख्या अचानक आलेल्या धक्क्याला तोही त्याच दिवशी उडी मारतो, आधी नाही.

कुठला अंदाज चांगला हे मतावर सोडू नका, मोजा. प्रत्येक दिवशी अंदाज लिहा, दुसऱ्या दिवशी खरा व्हेरिअन्स लिहा (डीलर दादांची दोन कॉलमची बेरीज घ्या, नुसत्या क्लोजचा वर्ग कधी कधी शून्याजवळ येतो आणि हिशेब बिघडतो). मग खरा भागिले अंदाज काढा, त्यातून त्याचाच लॉग वजा करा आणि एक वजा करा. याला क्यूलाइक म्हणतात. खरा ४ आणि अंदाज १ असेल तर दंड १.६१, खरा १ आणि अंदाज ४ असेल तर दंड फक्त ०.६४. म्हणजे कमी सांगणाऱ्याला अडीच पट शिक्षा. दुसऱ्याच्या पैशावर लॉट ठरवताना शिक्षा अशीच हवी. वडिलांचे पैसे आहेत म्हणून हे आवर्जून लिहिलं.

मुहूर्त_सौदा

सगळं छान चाललंय, फक्त डेटा साफ आहे का ते आधी बघा असं सांगायला आलो. मी एकदा शेअर्ससाठी अशीच शीट केली, २८ ऑक्टोबर २०२४ ला रिलायन्सचा एकास एक बोनस (एका शेअरवर एक फुकट) झाला, भाव अर्धा झाला, माझ्याकडे ॲडजस्ट न केलेला भाव होता. शीट म्हणाली उणे ६९ टक्के! नुसत्या त्या एका दिवसाने वीस दिवसांची व्होलॅटिलिटी २४० च्या वर गेली आणि महिनाभर तिथेच. निफ्टीत हा त्रास नाही, पण दिवाळीचा मुहूर्त आहे. तासाभराचं सेशन, त्याचा हाय-लो पूर्ण दिवसाचा म्हणून धरलात तर पार्किन्सन उगाच खाली येतो. शनिवारी कधीमधी जे छोटं विशेष सेशन ठेवतात, जसं २०२४ च्या २ मार्चला आणि १८ मेला होतं, त्याचंही तेच. मी असे दिवस पुढच्या पूर्ण दिवसात मिसळून टाकतो.

कृष्णाकाठ_सांगली

ताई, मुहूर्त भाऊ, दोघांचे आभार. शनिवार-रविवार बसून शीट नव्याने केली, काय केलं ते लिहितो, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

रात्रीचा आणि दिवसाचा व्हेरिअन्स वेगळा, दोघांची बेरीज, त्यावर ०.९४ चा ईडब्ल्यूएमए. शेजारी विक्सचा कॉलम. लॉट ठरवताना दोघांतला जो जास्त तो घ्यायचा, आणि आकडा कितीही खाली गेला तरी वार्षिक १४ च्या खाली धरायचा नाही, ताई घर म्हणाल्या ते डोक्यात ठेवून हा तळ घातलाय. या नियमाने जुलै २०२४ परत खेळून बघितला तर चार लॉट कधीच होत नाहीत, दोनच राहतात. ५ ऑगस्टला तोटा होतोच, पण ३३ हजार.

काल सांगलीला गेलो होतो, आबांना १३ मार्च आणि ३ जून हे दोन दिवस कागदावर काढून दाखवले, चारही भाव लिहून. बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, अरे मग आमच्याकडे पण हेच, सकाळी सौदा कितीला फुटला ते एक आणि दुपारी कितीला मिटला ते एक, वहीत दोन्ही लिहायचो. मला आधी का नाही सुचलं असं झालं.

एकच अडलंय. ईडब्ल्यूएमएचा अगदी पहिला आकडा कुठून आणायचा? कालचा व्हेरिअन्स लागतो, पण पहिल्या दिवशी काल कुठला?

आकडेमोड_सर

पहिल्या ६० दिवसांच्या व्हेरिअन्सची साधी सरासरी काढा आणि ती पहिल्या दिवसाआधीचा काल म्हणून ठेवा. मग फॉर्म्युला चालू करा आणि सुरुवातीच्या ७५ दिवसांचे आकडे वापरू नका, नुसते पुढे सरकू द्या. ०.९४ ला ७५ वेळा स्वतःने गुणलं की एक टक्क्याच्याही किंचित खाली येतं, म्हणजे तिथून पुढे तुम्ही सुरुवातीला काय ठेवलं होतं त्याने काही बिघडत नाही. खात्री करायची तर तो पहिला आकडा दुप्पट करून बघा, ७६ व्या दिवसापासून शेवटचा दशांश फार तर हलेल. त्याहून जास्त हलला तर कुठल्या तरी ओळीत फॉर्म्युला तुटलाय, बहुतेक १७ जूनच्या सुट्टीच्या रिकाम्या ओळीजवळ, तिथे आधी बघा.